शिरखुर्मा, चोंगे आणि चंद्रदर्शन

'ईद मिलन' हा शब्द आपल्या कोणत्याही धर्मग्रंथात नाही. अरबीतला एक आणि संस्कृतातला एक असे दोन शब्द शेजारी बसवून तो या देशातल्या माणसांनी तयार केला आहे. म्हणूनच तो मला आवडतो. रमजान ईद झाली की आठ-पंधरा दिवसांत गावोगाव ईद मिलनाचे कार्यक्रम होतात. मंडप पडतो, खुर्च्या मांडल्या जातात. व्यासपीठावर पोलीस निरीक्षक, नगराध्यक्ष, एखादे प्राचार्य आणि मौलाना साहेब बसतात. राष्ट्रीय एकात्मतेवर भाषणे होतात, गळाभेटीचे फोटो निघतात आणि कागदी वाटीतून शिरखुर्मा दिला जातो. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्राच्या तालुका पानावर बातमी येते. झाले, पुढच्या वर्षीपर्यंत सगळे शांत.

मी या कार्यक्रमांची थट्टा करत नाही. ज्या दिवसांत माणसे एकमेकांच्या आळीतून जायला कचरतात, त्या दिवसांत एका मंडपात बसून एकच गोड पदार्थ खाणे ही लहान गोष्ट नव्हे. पण अशा अनेक कार्यक्रमांना मागच्या रांगेत बसल्यावर माझ्या मनात एक प्रश्न घर करून राहिला आहे. या मिलनात नेमके काय वाटून घेतले जाते? शिरखुर्मा वाटला जातो, हे खरे. पण तो का करतात, त्या दिवसाच्या आधी घरात काय काय घडलेले असते, आमच्या आज्या-पणज्या ईद कशी करत होत्या, हे कोणी सांगत नाही आणि कोणी विचारतही नाही.

आपल्या सणांविषयी बोलायची दुसरी जागा म्हणजे शांतता कमिटीची बैठक. ती पोलीस ठाण्याच्या आवारात भरते. तिथे सण म्हणजे मिरवणुकीचा मार्ग, लाऊडस्पीकरची वेळ आणि बंदोबस्त. एका बैठकीत सणाची भीती बोलली जाते आणि दुसऱ्या बैठकीत सणाची स्तुती होते. दोन्हीकडे सण काय आहे ते राहूनच जाते. आणखी एक गोष्ट दोन्हीकडे सारखी आहे. पहाटेपासून चुलीपुढे उभे राहून ज्यांनी दूध आटवले, खारका भिजवून चिरल्या, चारोळ्या निवडल्या, त्या बायका दोन्हीकडे नसतात.

मी जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळेत शिकवते. आमच्या केंद्रात बाकीच्या सगळ्या शाळा मराठी माध्यमाच्या आहेत. दर महिन्याच्या शिक्षण परिषदेला आम्ही सगळे एकत्र येतो, डबे एकत्र उघडतो. रमजानमध्ये माझा डबा नसतो तेव्हा ठरलेले प्रश्न येतात. "मॅडम, पाणीसुद्धा चालत नाही?" "बिर्याणी कधी?" आणि सगळ्यात महत्त्वाचा, "अहो, ईद नक्की कधी? सोमवारी की मंगळवारी? सुट्टी कधी धरायची?"

या शेवटच्या प्रश्नावर लोक हसतात. तुमचा सण आदल्या रात्रीपर्यंत ठरत नाही, म्हणतात. मला मात्र त्या प्रश्नासारखी चांगली संधी दुसरी वाटत नाही, कारण त्याचे उत्तर त्यांच्याच भिंतीवर टांगलेले आहे. मराठी कॅलेंडर उघडून पाहा. अमावस्येनंतर एक-दोन दिवसांनी एका चौकोनात बारीक अक्षरांत 'चंद्रदर्शन' असे छापलेले असते. त्याच चंद्रकोरीची आम्ही गच्चीवर उभे राहून वाट पाहतो. पंचांग ती गणिताने सांगते, आम्ही डोळ्यांनी पाहून खात्री करतो. चंद्र दिसला की नवा महिना सुरू. त्यामुळे रमजान ईद म्हणजे शव्वालची पहिली तारीख नेहमी कोणत्या ना कोणत्या महिन्याच्या शुद्ध बीजेच्या आसपास येते. बकरी ईद आणि मोहरमचा आशुरा दहा तारखेचे, म्हणून ते एकादशीच्या जवळपास. ईद-ए-मिलाद बारा तारखेची, म्हणून ती त्रयोदशी-चतुर्दशीच्या मागेपुढे. शबे बरात पंधराव्या रात्रीची, तेव्हा आकाशात पौर्णिमेचा चंद्र असतो.

फरक एवढाच, की पंचांग साधारण अडीच-पावणेतीन वर्षांनी अधिक मास घालून सणांना ऋतूशी बांधून ठेवते. आमच्या हिजरी वर्षाला अधिक मास नाही. ते ३५४ किंवा ३५५ दिवसांचे असते आणि दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकते. म्हणून रमजान कधी थंडीत, कधी पावसात, कधी उन्हाळ्यात येतो, आणि फिरता फिरता आमचे सण शेजाऱ्यांच्या एकेका सणाच्या दारात येऊन उभे राहतात. २००४, २००५ आणि २००६ अशी सलग तीन वर्षे दिवाळी आणि रमजान ईद एकाच आठवड्यात आली होती. तेव्हा मी शाळेत जाणारी मुलगी होते. आमच्या गल्लीत चकल्यांचे ताट आणि शिरखुर्म्याचे भांडे रस्त्यातच एकमेकांना भेटायचे. २०१८ ते २०२० या तीन वर्षांत गणपती आणि मोहरम सोबत आले. २०२३ साली २९ जूनला आषाढी एकादशी आणि बकरी ईद एकाच दिवशी आली. तेव्हा महाराष्ट्रातल्या अनेक गावांतल्या मुस्लिमांनी त्या दिवशी कुर्बानी न देण्याचे आपणहून ठरवले. कुर्बानीला पुढचे दोन दिवसही असतात, त्यामुळे शरियतला बाध येत नव्हता आणि वारकऱ्यांच्या उपवासाचा मानही राहत होता. त्याच वर्षी २८ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकत्र आली. ठिकठिकाणी आपल्या लोकांनी जुलूस एक दिवस पुढे नेला आणि शासनाने मिलादची सुट्टी २९ तारखेला दिली. २०२५ साली ३० मार्चला गुढीपाडवा होता. त्याच संध्याकाळी चंद्र दिसला आणि ३१ मार्चला ईद झाली.

हे सगळे मी एकदा शिक्षण परिषदेत फळ्यावर मांडून दाखवले. एक ज्येष्ठ गुरुजी म्हणाले, "मॅडम, म्हणजे तुमची ईद दर वर्षी आमच्या कुठल्या तरी बीजेलाच येते की!" मी म्हटले, "सर, चंद्र एकच असल्यावर दुसरे काय होणार?" त्या दिवशी मला वाटले, एकात्मतेवरच्या दहा भाषणांपेक्षा हे एवढे गणित पुरेसे आहे.

दुसरी सांगण्यासारखी गोष्ट म्हणजे फित्रा. बाहेरच्यांना ईद म्हटले की शिरखुर्मा आठवतो. पण ज्याने रोजे ठेवले आणि शिरखुर्मा केला, पण ऐपत असून फित्रा दिला नाही, त्याच्या ईदमध्ये उणीव राहते, हे आपल्यापैकी प्रत्येकाला माहीत आहे. हनफी मसलकात माणशी अर्धा साअ गहू किंवा त्याची किंमत. किलोच्या हिशोबाने पावणेदोन-दोन किलोच्या आसपास. घरच्या कर्त्याने स्वतःचा आणि लहान मुलांचा द्यायचा. ईदच्या पहाटेपूर्वी जन्मलेल्या बाळाचासुद्धा. आणि द्यायचा तो नमाजला जाण्याआधी, म्हणजे ईदगाहवर कोणी उपाशी पोटी येऊ नये. मी सहावीच्या वर्गात दरवर्षी हे गणित घालते. घरात सात माणसे, दर माणशी पावणेदोन किलो, तर एकूण गहू किती? मुले पटकन सव्वाबारा किलो सांगतात. मग मी विचारते, हे सव्वाबारा किलो कोणाच्या घरी गेले? तिथे वर्ग थोडा शांत होतो. कारण वर्गात देणाऱ्या घरची मुले असतात, तशी घेणाऱ्या घरचीही असतात. आपल्या ईदचा गाभा हा आहे. पण कोणत्याही ईद मिलनात मी पाहुण्यांना फित्र्याविषयी सांगितलेले ऐकले नाही. आपण त्यांना वाटीतले गोड दिले आणि त्यामागचे माप मात्र घरीच ठेवले.

२०२५ च्या रमजानमध्ये मी सहावीच्या मुलांना एक काम दिले. आपल्या दादीला किंवा नानीला विचारा, तुम्ही लहान असताना सण कसे करत होता, आणि ते लिहून आणा. उर्दूत लिहा, मराठीत लिहा, जमेल तसे लिहा. वह्या आल्या त्या मी अजून जपून ठेवल्या आहेत. एकीच्या नानीने सांगितले होते की उन्हाळ्यात बाजेवर चादर अंथरून हाताच्या सेवया वाळत घालायच्या आणि त्या वर्षभर पुरवायच्या. एकाच्या दादीला ईदच्या नव्या कपड्यांपेक्षा नव्या बांगड्या आठवत होत्या. एका मुलाने मात्र अर्ध्या पानावरच लिहिणे थांबवले होते. वर लिहिले होते, "मेरी दादी मोहर्रम में चोंगे बनाती थीं." त्याच्या खाली दोन ओळी पेन्सिलीने खोडल्या होत्या. विचारल्यावर तो म्हणाला, "अब्बा बोले, ये नै लिखना."

चोंगे म्हणजे काय, हे आमच्या भागातल्या वाचकांना सांगायला नको. गव्हाची, गुळाची, वर खसखस लावलेली जाड गोड पोळी. माझ्या दादीकडे त्यासाठी नक्षीचा लाकडी पाट होता. मोहरमच्या दिवसांत फातेहा झाली की चोंगे आणि मलिदा गल्लीभर वाटला जायचा. त्यात कोण कोणाच्या जातीचा, धर्माचा हे पाहिले जात नसे.

दोन दिवसांनी त्या मुलाचे वडील शाळेत आले. गॅरेज चालवणारा, कष्टाळू, नमाजी माणूस. आवाज न चढवता म्हणाले, "आपा, ये सब पुरानी जहालत है. बच्चों को मत सिखाओ."

मी म्हटले, "भाई, सिखाती नै, पूछती हूँ. दादी का बचपन है, उसमें जो था सो था."

ते म्हणाले, "लोगाँ हँसते हैं आपा. अपने हँसते, दूसरे भी हँसते."

मी त्यांना चहा पाजला. ते शांतपणे निघून गेले. पण त्यांचे ते वाक्य माझ्या मनातून गेले नाही. खरे तर ते एकटे नाहीत. आपल्यातली एक संपूर्ण पिढी अशी दोन्हीकडून कोंडीत सापडली आहे. आपले लोक म्हणतात, हे दीनमध्ये नाही. बाहेरचे म्हणतात, हे तुम्ही आमच्याकडून घेतले. या दोन वाक्यांच्या मध्ये बिचारी दादी गप्प बसते. काय जायज, काय बिदअत, हे उलेमांनी सांगावे. तो अधिकार माझा नाही आणि त्या वडिलांच्या श्रद्धेवर बोलण्याचाही नाही. त्यांनी चोंगे करू नयेत. पण आईने केलेले चोंगे तिच्या नातवाने वहीत लिहू नयेत, हे मला पटत नाही. अमल बदलता येतो, घडून गेलेले बालपण बदलता येत नाही. ज्या समाजाला आपल्या आजीविषयी बोलायला संकोच वाटतो, तो ईद मिलनाच्या मंडपात पाहुण्यांना काय सांगणार? मग उरते ती वाटी, आणि 'सब एक हैं' हे वाक्य.

आणि आपण जे लपवतो ते काही कमी मोलाचे नाही. सांगली जिल्ह्यातल्या कडेगावचे मोहरमचे ताबूत पाहायला दुरून माणसे येतात. बांबूंचे ते उंचच उंच ताबूत चालत येतात, एकमेकांना भेटतात, आणि त्या सोहळ्याला लोक 'भेटी' म्हणतात. त्यातले काही ताबूत हिंदू मानकऱ्यांचे आहेत. 'मिलन' हा शब्द छापील पत्रिकेवर येण्याच्या कितीतरी आधी 'भेट' हा शब्द तिथल्या धुळीत रुजला होता. त्याच जिल्ह्यातल्या गोटखिंडी गावात गेली चार दशके गणपती मशिदीत बसतो. या गोष्टी कोणी परिपत्रक काढून घडवलेल्या नाहीत. माणसे एकमेकांच्या सणात पिढ्यान्‌पिढ्या येत-जात राहिली, म्हणून त्या घडल्या.

त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये केंद्राची शिक्षण परिषद आमच्या शाळेत होती. मुख्याध्यापक म्हणाले, तेव्हाच ईद मिलन करू. मी एक विनंती केली, की भाषणे दोनच ठेवा आणि मुलांच्या दाद्या-नान्यांना बोलवा. त्यांनी मान्य केले. सात-आठ म्हाताऱ्या बायका बुरखे सावरत, पदर सावरत आल्या आणि वर्गातल्या छोट्या बाकांवर बसल्या. त्यात चोंग्यांची दादीही होती. तिला घेऊन तिचा मुलगाच आला होता. तो दाराशी उभा राहिला.

मला वाटले होते की दादी दखनीत बोलेल आणि मला अर्थ सांगावा लागेल. पण तिने सरळ मराठी सुरू केले. माहेर वाळवा तालुक्यातले, सगळे आयुष्य शेतात गेलेले. तिचे मराठी माझ्या बी. एड.च्या मराठीपेक्षा कितीतरी अस्सल होते. ती म्हणाली, "आमच्या घरात वरीसभर जोंधळ्याची भाकरी. गहू कवा बघाय मिळायचा न्हाई. पन रमजानच्या शेवटाला सासू गव्हाचं गठुडं सोडायची अन् माणसागणिक मापून बाजूला ठेवायची. आमी पोरीबाळी बघत बसायचो. म्हनायची, ह्यो गहू आपला न्हाई. आपल्या तोंडात भाकरी अन् दुसऱ्याच्या घरात गहू, तवा ईद."

वर्गात कोणी बोलले नाही. मग एका मराठी शाळेच्या बाई म्हणाल्या, "आजी, शेवया तुम्ही पाटावर करायचा का?" दादी हसली. "पाटावरच की. शेजारची वाणीण अन् मी, एकाच बाजंवर. तिच्या शेवया पाव्हण्याला, माझ्या ईदला. वाळल्यावर कुनाच्या कुनाला वळकू येत न्हवत्या." त्या बाईंच्या आईच्या घरीही चैत्रात शेवयांचे काम निघायचे. मग दोघींचे जे बोलणे सुरू झाले, ते केंद्रप्रमुख साहेबांना घड्याळ दाखवून थांबवावे लागले. मध्येच मागच्या बाकावरून एक तरुण गुरुजी उठले. म्हणाले, "माझा थोरला भाऊ नवसाचा. दरवर्षी मोहरमात फकीर व्हायचा, गळ्यात नाडा घालायचा, पाच घरी मागून आणायचा. हे मी इथे नोकरीला लागल्यापासून कोणाला सांगितले नव्हते." का सांगितले नव्हते, ते त्यांनी बोलून दाखवले नाही. मला मात्र गॅरेजवाल्या भाईंचे वाक्य आठवले, "लोगाँ हँसते हैं." म्हणजे संकोच फक्त आपल्याच घरात नाही, तो भिंतीच्या पलीकडेही आहे.

दादीने चोंग्यांचे नाव काढले नाही. मुलगा दाराशी उभा होता म्हणून, की तिला आठवले नाही म्हणून, मला सांगता येणार नाही. मीही विचारले नाही. पण जाताना तिने नातवाला जवळ घेतले आणि त्याची वही मागितली. तिला वाचता येत नाही. पाने उलटून तिने वही परत दिली.

त्या दिवसानंतर मला काही गोष्टी स्पष्ट दिसू लागल्या आहेत. सण वाटून घेणे म्हणजे पदार्थ वाटणे एवढेच नसते, त्यामागची आठवण आणि कारण वाटावे लागते. ते काम निवडून आलेल्या पुढाऱ्याला जमत नाही, कारण त्याला चांगले तेवढेच बोलायचे असते. आठवणीत गरिबी येते, उसनवारी येते, एखादा नवस येतो, आता न मानली जाणारी एखादी रीत येते. ते सगळे आले की समोरच्यालाही आपल्या घरातले बोलावेसे वाटते. आपण फक्त छान छान सांगितले, तर तोही टाळ्या वाजवून निघून जातो.

दुसरे असे की विचारणेही आपल्याकडून व्हायला हवे. ईद मिलनात आपण यजमान असतो, म्हणून सतत सांगण्याच्या भूमिकेत असतो, जणू काही आपली बाजू मांडतो आहोत. संक्रांतीला शेजारणीने तिळगूळ हातावर ठेवला की आपण घेतो, 'गोड बोला' ऐकतो आणि घरी येतो. पाडव्याला कडुनिंबाचा पाला का खातात, बीजेला भाऊ बहिणीकडे का जातो, हे किती जणींनी विचारले आहे? ज्याला विचारले जात नाही, त्यालाही आपण परके असल्यासारखेच वाटते.

आणि तिसरे, भाषेचे. घरी दखनी, मदरशात अरबी, शाळेत उर्दू आणि बाजारात मराठी अशा चार भाषांत आपली मुले वाढतात. हे ओझे आहे, असे पालक म्हणतात. मला ती श्रीमंती वाटते. फित्र्याला मराठीत 'दान' म्हटले की अर्धा अर्थ सांडतो. पण त्या दादीने शब्द भाषांतरित केलाच नाही, तिने गव्हाचे गठुडे सोडून दाखवले आणि सगळ्यांना समजले. आपण उर्दू शाळांत मराठी शिकवतो ती परीक्षेतल्या गुणांसाठी. ती आपली आजी सांगण्यासाठीही शिकवावी, असे मला वाटते.

ज्या मंडळांकडे आणि शाळांकडे ईद मिलनाची तयारी असते, त्यांना माझे एवढेच सांगणे आहे. व्यासपीठावरच्या खुर्च्या थोड्या कमी करा. ज्या बाईने दूध आटवले तिला पुढे बसवा आणि पाहुण्यांसमोर तिला विचारा, तुमच्या आईच्या घरी हा दिवस कसा असायचा. माईक हातात दिल्यावर ती आधी लाजेल, मग बोलेल. तिच्या बोलण्यात एखादी गोष्ट तुम्हाला अडचणीची वाटली, तर तिला मध्येच थांबवू नका.